मनोरमाबाईंशी राहिलेलं भांडण

मनोरमाबाई गेल्या त्या सकाळी सुधाकर पेडणेकर होमचा जिना चढत होते, तेव्हा वरून एका बाईचा चढलेला आवाज आला. कोणीतरी कोणाला तरी फाडून खात होतं. असला आवाज मासळीबाजारात ऐकावा, आजारी म्हाताऱ्या माणसांच्या घरात नव्हे. दाराशी पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आवाज लुईझा सिस्टरचा आहे आणि ती त्यांच्या बायकोला बोलते आहे.

"लाज नाय वाटत तुला? काल चार घास घेतलेस ते पन माझ्या अंगावर थुंकलीस. वर्षभर माझा जीव खाल्लास, मेले. आनि आता अशी गुपचूप..."

पेडणेकरांनी दार ढकललं. लुईझाच्या एका हातात फणी होती आणि दुसऱ्या हातात मनोरमाबाईंचे ओले केस. दार वाजताच ती थांबली. वाक्य तोंडातच राहिलं. मग तिने केस विंचरले, नीट वेणी घातली, चादर छातीपर्यंत ओढली आणि खाली मान घालून बाहेर गेली.

 पेडणेकरांना त्या वेळी जाब विचारायला सवडच नव्हती. बायकोला चंदनसारच्या घरी न्यायचं होतं, शेजाऱ्यांना कळवायचं होतं, भटजी शोधायचे होते. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे सगळं त्यांनाच करायचं होतं. दिवसकार्य उरकलं, शेजारणींनी पाठवलेले डबे धुऊन परत केले, आणि मग एका दुपारी रिकाम्या घरात ते शब्द परत कानावर आले. वर्षभर माझा जीव खाल्लास, मेले.

त्यानंतर ते शब्द काही केल्या जाईनात.

मनोरमाबाईंना त्यांनी स्वतःच होममध्ये ठेवलं होतं. विसरण्याचा आजार जडला होता. गॅस चालू ठेवून ती गच्चीवर जाऊन बसायची. एकदा तर घरातून निघून थेट हायवेपर्यंत चालत गेली होती. पेडणेकर रेल्वेच्या वर्कशॉपातले निवृत्त फिटर. हातात ताकद होती, पण रात्रंदिवस पहारा करण्याइतकी नव्हती. तेव्हा कोणीतरी जूचंद्रचं हे घर सुचवलं. गावाच्या पलीकडे, मिठागरांच्या अलीकडे. बोर्डावर लांबलचक नाव होतं, पण रिक्षावाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्याला होमच म्हणत. दर शनिवारी पेडणेकर भेटायला जात आणि निघताना म्हणत, "पुढच्या शनिवारी घरी जाऊ हं." ती मान हलवायची. मग ते चपला घालायचे.

आता त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न घर करून बसला होता. जिला आपण सोडून आलो, ती शेवटचं वर्ष कोणात राहिली? जिचा सगळ्यांना वीट आला होता अशी ती होती का? हा प्रश्न विचारायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ते होमचे व्यवस्थापक फ्रेडरिक सर यांच्याकडे गेले आणि जे ऐकलं ते सगळं सांगितलं.

फ्रेडरिक सरांनी लुईझाला बोलावलं. ती पाचूबंदरची, कोळ्याच्या घरातली, पन्नाशीची, रुंद खांद्यांची बाई. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, हो, बोलले. का बोलले ते मात्र सांगितलं नाही. सरांनी दोनदा विचारलं, तरी नाही. ती गेल्यावर सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, इतक्या वर्षांत तिच्याबद्दल एक तक्रार नाही, पण मेलेल्या माणसाला शिव्या म्हणजे फार झालं. आजपासून मयताजवळ कोणी आवाज चढवायचा नाही, असं सगळ्या मजल्यांवर सांगतो. लुईझाला पेशंटपासून लांब, कपडे धुण्याच्या कामावर ठेवतो. नोकरीचं तुम्ही ठरवा. काढा म्हणालात तर महिनाअखेरीला काढतो. पुढच्या आठवड्यात येऊन सांगा.

पेडणेकर घरी आले. काढा म्हणायला जीभ रेटेना आणि राहू द्या म्हणायला मन होईना.

पुढच्या आठवड्यात ते गेले, तेव्हा फ्रेडरिक सर अजून आले नव्हते. वेळ काढायला ते पहिल्या मजल्यावर गेले. तिथे आर्या नावाची तरुण नर्स एका आजोबांना गोळी देत होती. "हरेश्वर बाबा, तोंड उघडा," ती म्हणाली. आजोबा म्हणाले, "मी हरेश्वर नाही. मी परवाच आलोय." ती सॉरी म्हणाली, पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाली, "हं, प्या, हरेश्वर बाबा." आजोबांनी पेडणेकरांकडे पाहिलं. आर्याचं दोघांकडेही लक्ष नव्हतं. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

पॅसेजमध्ये कमळीमावशी लादी पुसत होती. ती चिंचोटीची. मनोरमाबाईंना न्हाऊमाखू घालायला लुईझाला तीच मदत करायची. तिने पोछा भिंतीला टेकवला.

"बघितलंत? बघा. डोळं भरून बघा. तुमची कामगिरी हाय ही."

पेडणेकर म्हणाले, मी काय केलं?

"भांडन बंद केलंत आमचं."

मग तिने जे सांगितलं ते पेडणेकरांना आधी कळेचना. तिला ते दोनदा सांगावं लागलं. ह्या घरात माणूस गेलं, की त्याला साफ करताना, कपडे घालताना, ज्या बाईने त्याचं केलं ती त्याच्याशी भांडते. मोठ्याने. मनात असेल नसेल ते सगळं. ही रीत लुईझाची. लॉकडाऊनच्या वर्षी माणसं एकामागून एक गेली, नातेवाईक येऊ शकले नाहीत, आणि नर्सांना रडायलाही सवड नव्हती. एक नर्स औषधाची बाटली हातात घेऊन तासभर भिंतीकडे बघत उभी राहिली होती. तिला भाऊ येऊन घेऊन गेला, ती परत आली नाही. एक आजोबा होते, रोज लुईझाला म्हणायचे, मी जाईन तेव्हा तुला हाक मारून जाईन. ते हाक न मारताच गेले. लुईझा त्यांचं अंग पुसता पुसता एकदम भडकली. खोटारड्या, म्हणाली, आणि बरंच काही म्हणाली. सगळं बोलून झाल्यावर तिने डबा उघडला आणि जेवली. कित्येक दिवसांनी जेवली. ते बाकीच्यांनी पाहिलं. तेव्हापासून रीत पडली.

पण का भांडायचं, पेडणेकरांनी विचारलं. चांगलं बोलावं ना.

"चांगलं तुमी बोलता. फोटोला हार घालून. आमी त्यांचं हागलंमुतलं काढतो, आमच्या अंगावर थुंकतात, आनि जीव लावतात, आनि एक दिवस उठून जातात. राग नाय येनार? ज्याचा राग येत नाय त्याच्याशी कोन भांडतं?" मावशीने पोछा परत हातात घेतला. "आनि शेवटी 'जा' म्हनायचं. घरी आपन कोनी जात असला तर 'ये' म्हनतो ना? हितं नाय. हितं तोंडानं 'जा' म्हनायचं. नायतर ते जात नाय. आर्याचे हरेश्वर बाबा गेले का बघा. सुट्टीवरनं धावत येऊन तिनं त्यांना गप मुकाट्यानं पुसलं, सरांचा हुकूम म्हनून. आता गोळ्या त्यांनाच देते."

लुईझा कुठे आहे, त्यांनी विचारलं. मावशीने हनुवटीने वर दाखवलं.

गच्चीवर चादरी वाळत होत्या. पलीकडे मिठागरांचे चौकोन उन्हात पांढरे दिसत होते. लुईझा पिळलेली चादर झटकत होती. पेडणेकरांना पाहून ती थांबली नाही.

"नोकरीचं सांगायला आलात ना काका? सांगा. उन्हात नका उभे राहू."

पेडणेकर म्हणाले, मला फक्त कळू दे, तिच्याशी काय भांडत होतात.

"नाय सांगनार."

"का?"

"तिला कबूल केलंय."

 मनोरमाने कोणाकडून काही कबूल करून घेतलं असेल, असं पेडणेकरांच्या मनातही आलं नव्हतं. शेवटच्या वर्षात तिला स्वतःचं नावही धड सांगता येत नव्हतं. ते कठड्याला टेकून उभे राहिले. कमळीमावशी बादली घ्यायच्या निमित्ताने वर आली होती. तिने लुईझाला सांगितलं, की भांडण म्हणजे काय ते ह्यांना आता ठाऊक आहे.  मग पेडणेकरच म्हणाले, "मी दार उघडलं म्हणून अर्धवट राहिलं ना तुमचं? मग पुरं करा. मी मध्ये बोलणार नाही."

लुईझाने चादर दोरीवर टाकली, चिमटे लावले. कोपऱ्यात एक प्लास्टिकची खुर्ची होती. थंडीत मनोरमाबाईंना तिच्यावर उन्हाला बसवत. लुईझाने ती ओढून समोर ठेवली आणि पेडणेकरांना पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसायला सांगितलं. मग हात कमरेवर ठेवून ती रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिली. तिचा आवाज आला तो आधी हळू.

"बस. पाय हलवू नको. तुझा नवरा आला नि आपलं अर्ध्यात राहिलं. आता सगळं बोलनार मी. पयल्याच दिवशी मला चोर म्हनालीस. बांगड्या चोरल्या म्हनून मजला गोळा केलास. बांगड्या तुझ्याच हातात. मी म्हटलं, म्हातारी आहे, जाऊ दे. मग आंघोळीला नेलं तर हितं चावलीस. हितं. इंजेक्शन घ्यावं लागलं मला, कुत्र्याचं देऊ का म्हनून डॉक्टर हसला. तरी मी शुक्रवारी घरून मांदेली आनायचे. एकेक काटा काढून भरवायचे. आनि तू हॉलमधी सगळ्यांना काय सांगितलंस? ह्या कोळनीला मासा कळत नाय. मला. पाचूबंदरच्या बाईला."

कमळीमावशी पदर तोंडावर धरून हसली. पेडणेकरांनाही हसू आलं, कारण ते बोलणं थेट मनोरमाचं होतं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांच्या आईला ती असंच काहीतरी म्हणाली होती.

लुईझाचा आवाज आता चढला होता.

"ते सगळं सोडलं. पन त्या दिवसाचं काय करू? सांग ना. ह्याच खुर्चीत बसलेलीस. एकदम शुद्धीवर आल्यासारखी सरळ बघितलंस माझ्याकडे. म्हनालीस, सिस्टर, मी आता घरी जानार नाही ना? मी म्हटलं, जानार की, शनिवारी. तर म्हनालीस, तुम्ही नका खोटं बोलू. ते बोलतात ते पुरे आहे. त्यांना बोलू दे. मला कळतं हे त्यांना सांगू नका. सांगितलंत तर ते घरी जानार नाहीत, खाली पायरीवर बसून राहतील. माझा हात धरून कबूल करून घेतलंस. आनि दुसऱ्या मिनिटाला विचारलंस, कोन ग तू, माझ्या बांगड्या कुठेत?"

गच्चीवर वारा होता. चादरी फडफडत होत्या. लुईझाला त्यांच्यावर ओरडून बोलावं लागत होतं.

"मग दर शनिवारी हे समोर बसायचे. पुढच्या शनिवारी घरी जाऊ म्हनायचे. आनि तू मान हलवायचीस. ती मान, मेले, ती मान मी कशी बघू? तुला कळत होतं की नव्हतं? की नुसती हलत होती? ते पन मला सांगून नाय गेलीस. मी बाथरूममधी जाऊन नळ सोडून उभी राहायचे. तुमच्या दोघांचं ओझं माझ्या डोक्यावर ठेवलंस, वर मलाच चोर म्हनालीस. आता मोडलं मी कबूल केलेलं. तुझ्या नवऱ्यासमोर मोडलं. ये, चाव परत."

ती दमली होती. तिने खुर्चीची पाठ धरली. पुढचं ती अगदी साध्या आवाजात बोलली, शेजारणीशी बोलावं तसं.

"एकदा मी बसल्या बसल्या झोपलेले. तू माझ्या पायाला तेल चोळत होतीस. मला जाग आली, पन मी डोळे नाय उघडले. उघडले असते तर तू थांबली असतीस. ते मी तुला सांगितलं नव्हतं. आता सांगते." तिने खुर्चीवरून हात काढला. "जा. जा बाय. आता थांबू नको."

वर्कशॉपात पेडणेकरांनी गाडीचे आख्खे डबे जॅकवर उचललेले पाहिले होते. एवढं प्रचंड धूड रुळावरून सुटून वर जाऊ लागलं, की रोज तेच काम करणारे कामगारही हातातलं टाकून गप्प उभे राहत. कोणी कोणाला गप्प राहायला सांगत नसे. तसे ते गप्प बसले होते. ड्युटीवरून आल्यावर त्यांच्या पायाला तेल चोळणारी मनोरमाच होती. शेवटच्या वर्षात त्यांना वाटलं होतं, ती संपली, उरलं ते फक्त शरीर. आणि इथे, ह्या होममध्ये, ती भांडली होती, चावली होती, मासळीवरून तिने टोमणे मारले होते, त्यांना पायरीवर बसावं लागू नये म्हणून एका परक्या बाईकडून शब्द घेतला होता. आणि ह्या बाईने तो शब्द नोकरी जायची वेळ आली तरी सोडला नव्हता. दर शनिवारी ते चपला घालून निघाले, की आत नळ सुरू होत होता. कधी ऐकू आलं नव्हतं.

त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. लुईझाने हातानेच थांबवलं. जिन्याच्या दारात आर्या उभी होती. कधी आली कोणालाच कळलं नव्हतं.

"मी पण?" तिने विचारलं.

कमळीमावशीने खुर्ची पुसली. आर्या समोर येऊन उभी राहिली.  मग ती म्हणाली, "हरेश्वर बाबा, तुम्ही मला कंडक्टर म्हणायचात." एवढं बोलून थांबली. लुईझा म्हणाली, असं नाय पोरी, भांडायचं, रिपोर्ट नाय द्यायचा. आर्याने मोठा श्वास घेतला.

"गोळी द्यायला आले की, एक विरार द्या, म्हणायचात. रोज. रोज तोच जोक. मला वैताग आला होता तुमचा. माझी सुट्टी होती एकच दिवस, तेवढा एक दिवस थांबता आलं नाही तुम्हाला? एवढी काय घाई होती? तिकीट कोणाकडून घेतलं?"

आणि ती हसायला लागली, आणि हसता हसता खाली बसली. लुईझाने तिला उचललं नाही. दोघी बाया तिच्या दोन्ही बाजूंना नुसत्या उभ्या राहिल्या, तिचं "जा" म्हणून होईपर्यंत. तो शब्द यायला बराच वेळ लागला. मग कमळीमावशीने बादलीतलं पाणी तिच्या ओंजळीत घातलं, तिने तोंड धुतलं, ओढणीने पुसलं आणि घड्याळ पाहिलं. जेवणाची वेळ झाली होती. तिघी खाली गेल्या. एवढं सगळं होऊन त्या ताटं वाढायला गेल्या, ह्याचं पेडणेकरांना त्या भांडणाहून जास्त नवल वाटलं. खाली आल्यावर पेडणेकरांनी कान देऊन ऐकलं. आर्या नव्या आजोबांना त्यांच्या नावाने हाक मारत होती.

फ्रेडरिक सर आले होते. पेडणेकरांनी सांगितलं, तक्रार माझी चूक होती, लुईझाला तिच्या जागेवर परत घ्या, आणि तो हुकूमही मागे घ्या. सरांनी कारण विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, फक्त मनोरमाने घेतलेल्या शब्दाचं सांगितलं नाही. सर मन लावून ऐकत होते. लुईझाला घेतो म्हणाले, त्यात मलाच आनंद आहे. पण हुकूम कसा मागे घेऊ? तुम्ही आज गच्चीवर गेलात म्हणून समजलात. उद्या दुसऱ्या कोणाचा मुलगा जिना चढेल, त्याने असंच ऐकलं तर? त्याला मी काय सांगू? दार लावून घ्या असं मी बायकांना सांगेन, पण आवाज बाहेर येतोच.

 पेडणेकर म्हणाले, "तुम्ही नका सांगू. मला फोन करा. मी येऊन दाराशी बसतो."

सरांना वाटलं, दुःखाच्या भरात माणूस बोलतो आहे. पण महिन्याभरात एका सकाळी त्यांनी खरंच फोन केला, आणि पेडणेकर अंघोळ आटोपून रिक्षात बसले.

गेल्या होत्या त्या एक आजी, दुसऱ्या मजल्यावरच्या. त्यांचा मुलगा विघ्नेश मुंबईहून गाडीने आला. पस्तिशीचा, चांगल्या कपड्यातला, रात्रभर न झोपलेला. पेडणेकर खोलीबाहेरच्या बाकावर बसले होते. बंद दारातून लुईझाचा आवाज येत होता आणि मध्ये मध्ये आर्याचा. विघ्नेश थबकला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते पेडणेकरांना नीट ओळखू आलं. त्याने दाराकडे हात नेला.

पेडणेकरांनी त्याचं मनगट धरलं. घट्ट नाही, पण सोडलंही नाही.

"आत माझी आई आहे," विघ्नेश म्हणाला. "कोण बोलतंय तिला असं?"

"तिच्यावर हक्क आहे त्यांचा. माझी बायको होती इथे. बसा. दोन मिनिटं ऐका, मग हवं तर दार उघडा."

विघ्नेश बसला नाही, उभाच राहिला. आतून लुईझा म्हणत होती, की उशीखाली विड्या कोन लपवायचं, आनि माझ्या नावावर कोन ढकलायचं, आनि गच्चीवर दोघींनी मिळून ओढली तेव्हा खोकला आला तर माझ्याच पाठीत गुद्दा कोनी घातला.

विघ्नेशचा हात दारावरून खाली आला.

"आई विडी ओढायची?" त्याने विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. लहान मुलाने विचारावं तसं त्याने विचारलं.

पेडणेकरांनी सरकून त्याला बाकावर जागा करून दिली. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "त्यांनाच ठाऊक. ऐकू या."